नाकाबंदीचा शिलेदार : तुकाराम ओंबळे

धाराशिव : रात्रीच्या वेळी रस्त्यावर आडवे लावलेले लोखंडी अडथळे, हातात बॅटरी घेऊन उभे असलेले दोन-चार पोलीस आणि हळू होत जाणारी वाहनांची रांग हे दृश्य आता प्रत्येक वाहनचालकाच्या परिचयाचे झाले आहे. कागदपत्रे दाखवायची, डिकी उघडायची आणि पुढे निघायचे, एवढाच या नाकाबंदीशी सर्वसामान्यांचा संबंध येतो. समोरून येणाऱ्या शंभर वाहनांपैकी नव्व्याण्णव वाहनांत निरुपद्रवी प्रवासी असतात. शंभरावे वाहन कोणते, हे मात्र ते थांबेपर्यंत कोणालाच ठाऊक नसते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या गिरगाव चौपाटीवर असे वाहन आले, तेव्हा सहाय्यक फौजदार तुकाराम गोपाळ ओंबळे हातात केवळ लाठी घेऊन उभे होते. त्या रात्री ते परतले नाहीत. पण त्यांनी धरून ठेवलेला दहशतवादी जिवंत पकडला गेला आणि देशाच्या इतिहासातील एका मोठ्या कटाचा पडदा त्यामुळे उघडला गेला.

ओंबळे यांचे नाव आज शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. त्यांच्या शौर्यावर भाषणे होतात, दरवर्षी पुष्पचक्रे वाहिली जातात. मात्र ज्या कामावर असताना त्यांना वीरमरण आले, ते नाकाबंदीचे काम नेमके काय असते, त्यात धोका कोठे दडलेला असतो आणि त्या धोक्यापासून पोलिसांचे रक्षण कसे करता येते, याची चर्चा क्वचितच होते. त्यांचे आयुष्य समजून घ्यायचे तर त्या कामाकडेही पाहावे लागते.

जावळीच्या खोऱ्यातून

तुकाराम ओंबळे हे मूळचे सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्यातील केडंबे या गावचे. सह्याद्रीच्या कुशीतील हा मुलूख शिवकाळापासून प्रसिद्ध आहे. दाट झाडी, उतरणीची शेते, मुसळधार पाऊस आणि जेमतेम पिकणारी जमीन ही या भागाची ओळख. शेतीवर घर चालणे कठीण असल्याने येथील तरुणांपुढे पिढ्यान्‌पिढ्या दोनच वाटा राहिल्या. एक मुंबईची आणि दुसरी फौजेची. माथाडी कामगार, गिरणी कामगार, पोलीस शिपाई अशा अनेक रूपांनी जावळीचा माणूस मुंबईत स्थिरावला. दुसरीकडे सातारा जिल्ह्याने सैन्याला इतके जवान दिले, की येथील अपशिंगे हे गाव मिलिटरी अपशिंगे या नावानेच ओळखले जाते.

ओंबळे यांच्या आयुष्यात या दोन्ही वाटा आल्या. प्रथम ते सैन्यात भरती झाले. लष्कराच्या सिग्नल कोअरमध्ये त्यांनी सेवा केली आणि नाईक या पदावरून ते निवृत्त झाले. सिग्नल कोअर म्हणजे संदेशवहनाचे खाते. रणांगणावर तुकड्या-तुकड्यांतील संपर्क अखंड ठेवणे हे तिचे काम. संदेश वेळेवर पोहोचला नाही, तर शूर तुकडीही आंधळी होते, हा या खात्यातील पहिला धडा असतो. पुढे ज्या रात्री ओंबळे यांना मृत्यूला सामोरे जावे लागले, त्या रात्रीही सारे काही एका बिनतारी संदेशावर अवलंबून होते.

फौजेतून पोलिसांत

सैन्यातून निवृत्त झाल्यावर १९९१ मध्ये ओंबळे मुंबई पोलीस दलात शिपाई म्हणून दाखल झाले. फौजेत एकदा पूर्ण सेवा बजावलेल्या माणसाने पुन्हा तळाच्या पायरीपासून सुरुवात करणे सोपे नसते. वयाने लहान असलेल्या अधिकाऱ्यांचे आदेश पाळावे लागतात, नव्या कायद्याची कलमे शिकावी लागतात आणि रणांगणाऐवजी गर्दी, तक्रारी, मिरवणुका व बंदोबस्त यांच्याशी गाठ पडते. शिपाई, नाईक, हवालदार या पायऱ्या चढत ते सहाय्यक फौजदार झाले. अखेरच्या काळात त्यांची नेमणूक दक्षिण मुंबईतील डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग पोलीस ठाण्यात होती. कुटुंबात पत्नी व चार मुली. राहणे वरळीच्या पोलीस वसाहतीत.

ज्या काळात ओंबळे पोलिसांत आले, तो काळ मुंबईच्या दृष्टीने अतिशय कसोटीचा होता. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ च्या दंगली, त्यापाठोपाठ १२ मार्च १९९३ ची बॉम्बस्फोट मालिका, टोळीयुद्ध, २००३ मधील गेटवे व झवेरी बाजारातील स्फोट, ११ जुलै २००६ चे उपनगरी रेल्वेतील स्फोट अशा घटनांनी शहर वारंवार हादरले. प्रत्येक घटनेनंतर नाकाबंदी वाढत गेली. वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या बैठका होत, आदेश निघत आणि रस्त्यावर उभे राहण्याचे काम ओंबळे यांच्यासारख्या कर्मचाऱ्यांच्या वाट्याला येई. सण असो वा निवडणूक, पाऊस असो वा कडक ऊन, रस्त्यावरची ही ड्यूटी चुकत नसे. सहाय्यक फौजदार हा अधिकारी आणि शिपाई यांच्यातील दुवा असतो. पोलीस ठाण्याच्या हद्दीतील गल्लीबोळ, माणसे, वाहने यांची खडानखडा माहिती त्यालाच असते.

ती रात्र

२६ नोव्हेंबर २००८ रोजी समुद्रमार्गे आलेले दहा दहशतवादी रात्री कफ परेडजवळील मच्छीमार वसाहतीच्या किनाऱ्यावर उतरले. दोघा-दोघांच्या जोड्या करून ते शहरात पांगले. ताज हॉटेल, ट्रायडंट-ओबेरॉय, नरिमन हाऊस, लिओपोल्ड कॅफे आणि छत्रपती शिवाजी टर्मिनस ही त्यांची लक्ष्ये होती. अजमल कसाब आणि अबू इस्माईल या जोडीने टर्मिनसवर बेछूट गोळीबार केला. गावी निघालेले प्रवासी सामानाच्या गाठोड्यांशेजारीच कोसळले. स्थानकावरील मोजक्या पोलिसांकडे लाठ्या आणि जुन्या बनावटीच्या रायफली होत्या. समोर एके-४७ होत्या.

तेथून हे दोघे कामा रुग्णालयाकडे वळले. तेथे अतिरिक्त पोलीस आयुक्त सदानंद दाते यांनी आपल्या लहानशा पथकासह त्यांना रोखण्याचा प्रयत्न केला आणि ते जखमी झाले. रुग्णालयाबाहेर पडल्यानंतर रंगभवनच्या गल्लीत दहशतवाद्यांनी पोलिसांच्या क्वालिस मोटारीवर गोळ्यांचा वर्षाव केला. दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे, अतिरिक्त पोलीस आयुक्त अशोक कामटे आणि वरिष्ठ पोलीस निरीक्षक विजय साळसकर हे या हल्ल्यात शहीद झाले. त्यांच्यासोबतच्या कर्मचाऱ्यांपैकी केवळ अरुण जाधव हे जखमी अवस्थेत बचावले. पोलिसांचीच मोटार घेऊन दहशतवादी निघाले आणि मेट्रो चित्रपटगृहाजवळ त्यांनी पुन्हा गोळीबार केला. मोटारीचा टायर निकामी झाल्यावर ती सोडून त्यांनी नरिमन पॉइंट परिसरात एक चंदेरी रंगाची स्कोडा पिस्तुलाच्या धाकाने ताब्यात घेतली आणि ते मरीन ड्राइव्हच्या दिशेने निघाले. मृतदेहांखाली दबून राहिलेल्या जाधव यांनी क्वालिसमधील बिनतारी यंत्रणेवरून झाला प्रकार कळवला.

त्या वेळेपर्यंत मुंबईत नेमके काय चालले आहे, याचा अंदाज कोणालाच नव्हता. टोळीयुद्ध असावे, इथपासून अनेक ठिकाणी शेकडो हल्लेखोर असल्याच्या अफवांपर्यंत सर्व काही पसरले होते. अशा गोंधळात एक गोष्ट मात्र जमून आली. स्कोडाचे वर्णन नियंत्रण कक्षाकडून बिनतारी संदेशाद्वारे गिरगाव चौपाटीवरील नाकाबंदीपर्यंत पोहोचले. येणाऱ्या वाहनांपैकी कोणते वाहन धोक्याचे आहे, हे तेथील पोलिसांना आधी कळले. ही काही क्षणांची आघाडी पुढे निर्णायक ठरली.

विनोली चौपाटी

मरीन ड्राइव्हचा रस्ता जेथे गिरगाव चौपाटीला वळसा घालून मलबार हिलकडे जातो, तेथे विनोली चौपाटीपाशी डी. बी. मार्ग पोलिसांनी अडथळे उभे केले होते. सहाय्यक पोलीस निरीक्षक हेमंत बावधनकर, संजय गोविलकर, पोलीस उपनिरीक्षक भास्कर कदम आणि अन्य कर्मचारी तेथे तैनात होते. अधिकाऱ्यांकडे रिव्हॉल्व्हर व पिस्तूल होते. ओंबळे यांच्याकडे लाठी होती. अंगात चिलखती जाकीट नव्हते.

मध्यरात्र उलटून गेल्यानंतर, साडेबाराच्या सुमारास स्कोडा आली. अडथळ्यांपासून काही अंतरावरच ती थांबली. चालकाने समोरचे दिवे प्रखर केले आणि दर्शनी काचेवर पाण्याचा फवारा मारून वायपर सुरू ठेवले. आत किती माणसे आहेत, त्यांचे हात कोठे आहेत, हे पोलिसांना दिसू नये, हा त्यामागचा हेतू होता. पोलिसांनी दिवे बंद करण्यास, आतील दिवा लावण्यास आणि हात वर करून खाली उतरण्यास बजावले. त्याला प्रतिसाद न देता चालकाने मोटार वळवून दुभाजकावरून निसटण्याचा प्रयत्न केला. मोटार दुभाजकावर अडकली. इस्माईलने पिस्तुलातून गोळीबार सुरू केला. बावधनकर व कदम यांनी प्रत्युत्तर दिले आणि इस्माईल कोसळला.

दुसऱ्या बाजूचे दार उघडून कसाब बाहेर आला. शरण येत असल्याचा आव आणून तो जमिनीवर पडला. पोलीस त्याच्या दिशेने सरसावले आणि तेवढ्यात त्याने एके-४७ उचलली. सर्वांत पुढे ओंबळे होते. रायफलचे तोंड त्यांच्याकडे वळले असतानाही मागे न हटता त्यांनी तिची नळी दोन्ही हातांनी पकडली. कसाबने चाप ओढला. अनेक गोळ्या त्यांच्या शरीरात शिरल्या. पण पकड सुटली नाही. गोविलकर यांनाही गोळी लागली. नळी ओंबळे यांच्या हातात अडकून राहिल्याने कसाबला अन्य पोलिसांवर रायफल रोखता आली नाही. तेवढ्या अवधीत सहकाऱ्यांनी लाठ्यांचे प्रहार करून त्याला जेरबंद केले. ओंबळे यांची प्राणज्योत मालवली.

जिवंत पुरावा

त्या दहा दहशतवाद्यांपैकी जिवंत हाती लागला तो एकटा कसाब. बाकीचे नऊ जण चकमकीत मारले गेले. हल्ल्यात १६६ जणांचे प्राण गेले. कसाब जिवंत नसता, तर हल्लेखोर कोण, कोठून आले, त्यांना कोणी पाठवले, या प्रश्नांची उत्तरे केवळ दूरध्वनीच्या नोंदी आणि समुद्रात सापडलेल्या वस्तू यांतून शोधावी लागली असती. हातात माणूस असल्याने त्याचे गाव, प्रशिक्षणाचे तळ, लष्कर-ए-तैयबाशी असलेला संबंध, सागरी मार्ग अशी साखळी जोडता आली. पाकिस्ताननेही फेब्रुवारी २००९ मध्ये कटाचा काही भाग आपल्या भूमीवर रचला गेल्याचे मान्य केले.

कसाबविरुद्धचा खटला आर्थर रोड तुरुंगातील विशेष न्यायालयात न्यायाधीश एम. एल. टहलियानी यांच्यापुढे चालला. विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी सरकार पक्षाची बाजू मांडली. ६ मे २०१० रोजी त्याला फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. २१ फेब्रुवारी २०११ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आणि २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी पुण्याच्या येरवडा कारागृहात शिक्षेची अंमलबजावणी झाली. रंगेहाथ पकडलेल्या आरोपीलाही वकील, साक्षीपुरावे आणि अपील यांची संधी देऊन भारताने हा खटला जगासमोर चालवला. चौपाटीवरील नाकाबंदीत सहभागी झालेल्या पोलिसांच्या साक्षी या खटल्यात मोलाच्या ठरल्या. साक्षीदारांच्या पिंजऱ्यात ओंबळे नव्हते. त्यांनी जिवंत राखलेला आरोपी हीच त्यांची साक्ष होती.

जी मोटार निसटली होती

थांबवलेल्या वाहनाची किंमत समजून घ्यायची तर न थांबलेल्या वाहनाचीही आठवण ठेवावी लागते. मुंबई हल्ल्याच्या अडीच वर्षे आधी, मे २००६ मध्ये, राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने चांदवड-मनमाड मार्गावर एका टाटा सुमोचा आणि एका इंडिका मोटारीचा पाठलाग केला. सुमो पकडली गेली. तिच्यातून आरडीएक्स, एके-४७ रायफली व काडतुसे जप्त झाली. तपास यंत्रणांच्या म्हणण्यानुसार इंडिका बीड जिल्ह्यातील गेवराईचा झबिउद्दीन अन्सारी चालवत होता. ती मोटार मात्र निसटली. अन्सारी देशाबाहेर पळाला आणि पाकिस्तानात पोहोचला.

२६ नोव्हेंबरच्या रात्री कराचीतून दहशतवाद्यांना सूचना देणाऱ्यांमध्ये तोही होता, असा तपास यंत्रणांचा आरोप आहे. अबू जुंदाल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अन्सारीला जून २०१२ मध्ये सौदी अरेबियातून भारतात आणण्यात आले. शस्त्रसाठ्याच्या खटल्यात २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्याच्यासह १२ जणांना दोषी ठरवले आणि त्याला जन्मठेप झाली. दोन मोटारी एकाच रस्त्याने जात असताना एक अडते आणि दुसरी निघून जाते, याचे परिणाम किती दूरवर पोहोचू शकतात, याचे हे उदाहरण आहे. मराठवाड्यातील एका तरुणाचा संबंध या प्रकरणाशी जोडला गेल्याने मुंबईतील त्या रात्रीचे धागे येथील रस्त्यांपर्यंतही येऊन पोहोचतात.

वाहन थांबवण्याचे शास्त्र

संशयित सशस्त्र असण्याची शक्यता असलेले वाहन थांबवणे हे पोलिसांच्या कामातील सर्वाधिक धोक्याच्या कामांपैकी एक मानले जाते. जगभरातील पोलीस दलांनी त्याचे नियम मोठी किंमत मोजून शिकले आहेत. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील न्यूहॉल येथे एप्रिल १९७० मध्ये दोन सशस्त्र गुन्हेगारांची मोटार थांबवताना महामार्ग पोलीस दलाचे चार तरुण अधिकारी काही मिनिटांत ठार झाले. त्या घटनेचा बारकाईने अभ्यास झाला आणि तेथील प्रशिक्षणाची पद्धतच बदलली. नेहमीच्या वाहतूक तपासणीत आणि धोक्याच्या वाहनाच्या तपासणीत मूलभूत फरक करण्यास तेथून चालना मिळाली.

या पद्धतीचे सार साधे आहे. पुरेसे मनुष्यबळ जमल्याशिवाय धोक्याचे वाहन थांबवायचे नाही. थांबवल्यावर पोलिसांनी वाहनाकडे जायचे नाही. वाहनातील माणसांना एकेक करून पोलिसांकडे यायला लावायचे. पोलिसांनी आपल्या वाहनाच्या इंजिनाच्या किंवा अन्य भक्कम आडोशामागे राहायचे, कारण मोटारीचे दार बंदुकीची गोळी अडवत नाही. आपले दिवे संशयिताच्या डोळ्यांवर राहतील आणि आपण अंधारात राहू, अशी जागा निवडायची. आज्ञा एकाच अधिकाऱ्याने, स्पष्ट शब्दांत द्यायच्या. इंजिन बंद, किल्ली बाहेर, हात दिसतील असे वर, मग दार बाहेरून उघडून पाठमोरे मागे चालत येणे, गुडघ्यावर बसणे किंवा पालथे झोपणे, असा क्रम असतो. संशयिताचे हात हे सर्वांत महत्त्वाचे. तो जमिनीवर पडला तरी दोन्ही तळवे मोकळे दिसेपर्यंत त्याच्या जवळ जायचे नसते. एक कर्मचारी पुढे जाताना इतरांची शस्त्रे रोखलेली असावी लागतात आणि समोरासमोर उभे राहून एकमेकांच्याच गोळीच्या रेषेत येणार नाही, याची काळजी घ्यावी लागते. शेवटची व्यक्ती बाहेर आली असे वाटल्यानंतरही आत कोणी लपलेले आहे, असे गृहीत धरूनच वाहनाची झडती घेतली जाते.

आपल्याकडील नाकाबंदीतही कामाची अशीच विभागणी अपेक्षित असते. अडथळे सरळ रेषेत न लावता नागमोडी लावायचे, म्हणजे वाहनाचा वेग आपोआप कमी होतो. पहिली तुकडी येणाऱ्या वाहनांवर नजर ठेवते, दुसरी थांबवते व झडती घेते, तिसरी शस्त्रांसह आडोशाला राहून त्यांचे रक्षण करते आणि चौथी पुढे किंवा बाजूच्या रस्त्यावर थांबून पळणाऱ्या वाहनाला अडवते. नियंत्रण कक्षाशी सतत संपर्क हा या सर्वांचा कणा असतो.

गिरगाव चौपाटीवरील घटनाक्रम या कसोटीवर पाहिला, तर डी. बी. मार्गच्या पोलिसांनी बरेच काही अचूक केले होते, हे लक्षात येते. संदेश मिळाला होता, वाहन ओळखले गेले होते, अडथळ्यांपासून अंतर राखले गेले होते, योग्य आज्ञा दिल्या गेल्या होत्या आणि दुभाजकाने मोटार अडवली होती. उणीव होती ती साधनांची. गोळी अडवणारा आडोसा नव्हता, चिलखती जाकिटे नव्हती आणि एके-४७ च्या तोडीचे शस्त्र नव्हते. शरण येण्याचे नाटक करणारा माणूस अचानक रायफल उचलतो, त्या क्षणी नियमांचे पुस्तक संपते. पुढचा निर्णय माणसाला एकट्याने घ्यावा लागतो. मागे हटून जमिनीवर आडवे होणे हा ओंबळे यांच्यापुढील एक पर्याय होता आणि त्यासाठी त्यांना कोणीही दोष दिला नसता. तसे झाले असते, तर त्यांच्या पाठीमागे उभ्या असलेल्या सहकाऱ्यांपैकी कितीजण वाचले असते, याची कल्पनाच केलेली बरी.

हल्ल्यानंतर राज्य सरकारने माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पोलिसांच्या तयारीतील, शस्त्रसामग्रीतील आणि ठरलेल्या कार्यपद्धतीच्या अंमलबजावणीतील त्रुटींवर समितीने बोट ठेवले. त्यानंतर फोर्स वन हे विशेष पथक उभे राहिले, आधुनिक शस्त्रे व वाहने आली, किनारपट्टीवरील गस्त वाढली. रस्त्यावरच्या साध्या नाकाबंदीत उभ्या असलेल्या शिपायापर्यंत त्यातले किती पोहोचते, या प्रश्नाचे उत्तर मात्र प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक पोलीस ठाण्यात पुन्हा पुन्हा तपासून पाहावे लागते.

धाराशिवच्या रस्त्यांवर

हा प्रश्न महानगरांपुरता मर्यादित नाही. पुणे-सोलापूर-हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग धाराशिव जिल्ह्यात नळदुर्ग, उमरगा या भागांतून जातो आणि पुढे कर्नाटकात शिरतो. सोलापूर-धुळे महामार्ग तुळजापूर, धाराशिव, येडशीमार्गे बीडकडे जातो. एका बाजूला राज्याची सीमा, दुसऱ्या बाजूला सोलापूर, लातूर, बीड आणि अहिल्यानगर हे जिल्हे. शिवाय शारदीय नवरात्रात आणि कोजागरी पौर्णिमेला तुळजाभवानीच्या दर्शनासाठी लोटणारा लाखोंचा समुदाय, त्यात पायी चालणारे भाविक आणि त्यांच्या शेजारून धावणारी अवजड वाहने. अशा ठिकाणी नाकाबंदी करणाऱ्या कर्मचाऱ्याला दहशतवाद्याची गाठ पडण्याची शक्यता कमी असते. पण शस्त्र बाळगणारा दरोडेखोर, तस्करीचे वाहन किंवा अडथळा दिसताच वेग वाढवणारा मद्यधुंद चालक यांची गाठ कोणत्याही रात्री पडू शकते. भरधाव वाहन हेच अशा वेळी शस्त्र बनते.

नागरिकांच्या सहकार्यालाही येथे महत्त्व आहे. नाकाबंदी दिसल्यावर वेग कमी करणे, समोरचे दिवे मंद करून आतील दिवा लावणे, काच खाली घेणे, हात स्टिअरिंगवर ठेवणे आणि सांगितल्याशिवाय खाली न उतरणे, एवढ्या साध्या गोष्टींनी पोलिसांचा ताण आणि प्रवाशाचा वेळ दोन्ही वाचतात. चौपाटीवर स्कोडाच्या चालकाने नेमके याच्या उलट केले होते. प्रामाणिक वाहनचालक जितक्या सहजतेने हे नियम पाळतील, तितके न पाळणारे वाहन पोलिसांच्या नजरेत चटकन भरेल.

स्मृती

२६ जानेवारी २००९ रोजी तुकाराम ओंबळे यांना शांतता काळातील सर्वोच्च शौर्य पुरस्कार असलेले अशोकचक्र मरणोत्तर देण्यात आले. करकरे, कामटे, साळसकर, राष्ट्रीय सुरक्षा दलाचे मेजर संदीप उन्नीकृष्णन आणि हवालदार गजेंदर सिंग यांच्या बरोबरीने एका सहाय्यक फौजदाराचे नाव त्या यादीत आले. पोलीस दलातील खालच्या फळीच्या दृष्टीने ही घटना मोठी होती. गिरगाव चौपाटीवर त्यांचा पुतळा उभा आहे. मरीन ड्राइव्हवर फिरायला येणारी कुटुंबे त्याच्यासमोर क्षणभर थांबतात. २०२१ मध्ये संशोधकांनी ठाणे-कल्याण परिसरात आढळलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या प्रजातीला आयसियस तुकारामी असे नाव दिले. २०२५ मध्ये राज्य शासनाने केडंबे येथील त्यांच्या स्मारकासाठी १३ कोटी ४६ लाख रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली.

पुतळे आणि स्मारके आवश्यकच आहेत. तरीही ओंबळे यांच्या बलिदानाचा खरा हिशेब त्या रात्री त्यांच्याकडे काय नव्हते, यावरून मांडला पाहिजे. दलाकडून मिळालेल्या साधनांत जी कमतरता होती, ती त्यांनी स्वतःच्या देहाने भरून काढली. त्यांच्या जागी आज उभा राहणारा कर्मचारीही तितकाच धैर्यवान असेल, यात शंका नाही. मात्र त्याला चिलखती जाकीट, भक्कम आडोसा, पाठीशी सज्ज असलेला सशस्त्र सहकारी, वेळेवर मिळणारा संदेश आणि नियमित सराव या गोष्टी देणे ही शासनाची व समाजाची जबाबदारी आहे. महाराष्ट्रातील एखाद्या महामार्गावर आज रात्री नाकाबंदी लागेल, तेव्हा तेथे उभा असलेला हवालदार सकाळी ड्यूटी संपवून सुखरूप घरी पोहोचावा, याहून ओंबळे यांचे मोठे स्मारक दुसरे असू शकत नाही.